प्रेम आहे, पण कुंपण आहे का?

गेले दोन-तीन महिने आमच्याकडे, म्हणजे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात रॅली शहराच्या आसपास, पाळीव डुकरांसाठी धडपडणाऱ्या मंडळींमध्ये जोरात भांडण चाललंय. निमित्त तसं साधं. मी दर शनिवारी ज्या निवाऱ्यात घाण काढायला आणि पाणी भरायला जाते तिथे एका कुटुंबाला डुक्कर द्यायला नकार दिला गेला. माणसं चांगली होती, दोन मुलं, त्यातल्या मुलीने तर घरून चित्र काढून आणलेलं, पैशाची ददात नाही, पण घर एचओएवाल्या, म्हणजे घरमालकांच्या संघटनेचे वेगळे नियम असलेल्या कॉलनीत आणि त्या गावच्या नियमात डुक्कर म्हणजे गुरंढोरं, गावाच्या हद्दीत ठेवायला मनाई. झालं. एक गट म्हणतो तुमच्याकडे चाळीस डुकरं पडून आहेत, प्रेम करणारं घर आपणहून दारात आलंय आणि तुम्ही त्यांना नियम दाखवता? दुसरा गट म्हणतो बरं झालं, आता कुणालाच देऊ नका, माणसाने एकदा दगा दिलेला जीव परत माणसाच्याच हातात कशाला, मरेपर्यंत इथेच राहू दे. आणि तिसरा आवाज आपल्या मराठी लोकांतला, मंडळाच्या कार्यक्रमात जेवताना मला दोघातिघांनी ऐकवलेला, की अगं या राज्यात रोज हजारो डुकरं कापली जातात, तू त्या चाळीसांचं काय घेऊन बसलीस, तेच पैसे गावाकडच्या शाळेला दे.

तिन्ही बाजू चुकीच्या जागी भांडतायत असं माझं मत आहे आणि ते आधीच सांगून टाकते. सोडवलेल्या पाळीव डुकराला नवीन घर मिळालंच पाहिजे, निवाऱ्यात जन्म काढायची वेळ त्याच्यावर येऊ नये. पण घर निवडताना समोरच्या माणसाचं मन किती मोठं आहे हे तोलत बसण्यात अर्थ नाही, आधी जागा बघायची, कायदा बघायचा, डॉक्टर किती लांब आहे आणि कुंपण कसलं आहे ते बघायचं, आणि ते जुळलं तर मग माणसाला फार खोदून विचारायचं नाही. आणि याच्याही आधी, डुक्कर आज ज्या घरात आहे तिथेच ते टिकवता येतं का यासाठी निवाऱ्यांनी आपला निम्मा वेळ घातला पाहिजे, जो आम्हीसुद्धा घालत नाही.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं मागे जाते. आपल्याकडे डुक्कर म्हटलं की गटाराकडेचं काळं डुक्कर नाहीतर उसात घुसणारं रानडुक्कर डोळ्यासमोर येतं. इथे घरात पाळतात ती जात वेगळी, व्हिएतनामी पॉटबेली, पोट जमिनीला टेकायला आलेलं, पाठ खोलगट, नाक आखूड. १९८५ च्या सुमारास ही डुकरं कॅनडात आणली गेली, प्राणिसंग्रहालयांसाठी, आणि तिथून दोन-चार वर्षांत अमेरिकेत ‘छोटं डुक्कर’ पाळायची फॅशन आली, सुरुवातीला एकेका पिल्लाला लोकांनी हजारो डॉलर मोजले. छोटं म्हणजे कशापेक्षा छोटं हे कुणी विचारलं नाही. मांसासाठी पाळतात त्या जातीची पूर्ण वाढलेली डुकरीण २५०-३०० किलोची होते, तिच्यापुढे ५० ते ९० किलोचं पॉटबेली छोटंच की! पण विकणारा हातात देतो दोन किलोचं पिल्लू आणि सांगतो हे ‘टीकप’ आहे, हे ‘मायक्रो’ आहे, एवढंच राहणार, खात्री हवी तर याचे आईबाप बघा. आणि आईबाप खरंच छोटे दिसतात, कारण तेही वर्षाच्या आतलेच असतात. डुक्कर पाच-सहा महिन्यांत, कधी त्याच्याही आधी, वयात येतं पण अंगाने वाढत राहतं तीन ते पाच वर्षं, म्हणजे अजून पोरसवदा असलेल्या जोडीची पिल्लं विकली की खोटं बोलायचीही गरज पडत नाही. वर रोज मोजून मूठभर खायला घाला असा सल्ला देतात, म्हणजे उपाशी ठेवून खुजं ठेवायचं. टीकप नावाची डुकराची जात जगात कुठेही नाहीये. जॉर्ज क्लूनीकडे मॅक्स नावाचं पॉटबेली होतं, ते १८ वर्षं जगलं, २००६ मध्ये गेलं आणि वजन ३०० पौंडांच्या घरात होतं. १८ वर्षं म्हणजे पहिलीतलं पोर कॉलेज संपवून नोकरीला लागतं तेवढा काळ, आणि लोक निर्णय घेतात एका दुपारी.

पहिला गट सारखा एस्थरचा दाखला देतो. ऑन्टारिओतल्या एका जोडप्याने २०१२ मध्ये तिला मायक्रो पिग समजून घरी आणलं, निघाली ती मांसासाठी पाळतात त्या जातीची, आणि वाढत वाढत साडेसहाशे पौंडांची झाली. त्यांनी तिला सोडलं नाही, लोकांकडून वर्गणी उभी केली, २०१४ मध्ये शेतजमीन घेतली आणि तिच्या नावाने निवारा सुरू केला. २०२३ मध्ये एस्थर गेली तेव्हा तिला कधीही न भेटलेली मी इथे रडले होते. पण बघा प्रेम असलं की सगळं होतं, असा जो अर्थ लोक यातून काढतात तो मला पटत नाही. प्रेम तर पहिल्या दिवसापासून होतं, तरी राहतं घर सोडावं लागलं, एकरांत जमीन घ्यावी लागली, तेव्हा कुठे ती डुकरीण सुखाने जगली. ज्याला जमीन घेणं शक्य नाही त्याचं प्रेम काही कमी नसतं हो, पण ते डुकराच्या उपयोगाचं नसतं.

आता पहिल्या गटाचं जे खरं आहे ते मान्य करायलाच हवं, आणि त्यात बरंच खरं आहे. निवाऱ्यांचे फॉर्म वाचले तर माणसाला वाटावं आपण गुन्हा केलाय. आठ पानं, पगार किती, घरात दिवसभर कोण असतं, आधीचं जनावर कशाने मेलं, घटस्फोट झाला तर डुक्कर कुणाकडे. भाड्याने राहता? नको. दोघं नोकरी करता? नको. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक शेतकरी आला होता, स्पॅनिश बोलणारा, शेळ्या होत्या त्याच्याकडे, स्वतः बांधलेला गोठा, जाळीचं पक्कं कुंपण, मी फोटो बघितले होते आणि मला वाटलं याच्यासारखी जागा आपल्याला परत मिळणार नाही, पण त्याचा फॉर्म अर्धा रिकामा होता आणि त्याला फोन करून विचारायला कुणाला वेळ झाला नाही, मलाही नाही. त्याची मला आजही लाज वाटते. आणि त्या गटाचा सगळ्यात जोरकस मुद्दा वेगळाच आहे: ज्याला आपण नाही म्हणतो तो दोन आठवड्यांत पैसे देऊन पिल्लू विकत आणतो, म्हणजे आपलं डुक्कर आपल्याकडेच राहिलं, विकणाऱ्याचा धंदा झाला आणि दोन-तीन वर्षांनी ते नवीन डुक्करही आपल्याच दारात. हे होतं. नाकारण्यात अर्थ नाही.

पण मग बिस्किटचं काय करायचं ते सांगा. बिस्किट आमच्याकडचा नर, खच्ची केलेला, ६० किलोच्या आसपास, पोटावर खाजवलं की धप्पकन आडवा होणारा. त्याला तीनदा घर मिळालं आणि तीनदा तो परत आला. पहिलं घर गावाच्या हद्दीत होतं, त्या जोडप्याने त्याच्यासाठी वेगळी खोली केली होती, चार महिन्यांनी शेजाऱ्याने तक्रार केली, गावच्या कोड ऑफिसरची नोटीस आली, ३० दिवसांत जनावर हलवा. दुसऱ्या घरी कुंपण होतं पण कुत्र्यासाठी लावतात तसं, उभ्या फळ्यांचं. आता डुकराच्या नाकाची ताकद ज्याने बघितली नाही त्याला सांगून कळत नाही, ते फळीखाली नाक घालतं आणि मान वर उचलतं, संपलं. तो रस्त्यावर सापडला, नशीब पहाटेची वेळ होती. तिसऱ्या घरी दोन मोठे कुत्रे, त्यांच्याशी मैत्री होईल म्हणाले, झालीही, आणि मग एका दुपारी घरात कुणी नसताना त्यांनी त्याचा कान फाडला. कुत्रं शिकारी आणि डुक्कर शिकार, हे दोघांच्याही अंगात असतं, सोफ्यावर शेजारी झोपलेले फोटो काढून ते जात नाही. तिसऱ्यांदा परत आल्यावर बिस्किट कितीतरी दिवस गवतात तोंड खुपसून पडून होता, खाण्याकडे बघायचा नाही. तिन्ही घरांत प्रेम होतं. मी त्या तिन्ही घरच्या लोकांना रडताना बघितलंय.

मी मूळची मिरजेची, नांदणी आमच्याकडून फार लांब नाही. २०२५ मध्ये नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण कोर्टाच्या आदेशाने गुजरातला वनतारात नेली तेव्हा अख्खा भाग पेटून उठला, लोक कोल्हापूरपर्यंत चालत गेले. त्या लोकांच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही, ती माणसं माझ्या ओळखीची आहेत. पण कोर्टापुढचा प्रश्न तिच्या तब्येतीचा होता, तिच्या पायांचा, तिच्या एकटेपणाचा, आणि चौकाचौकातली चर्चा मात्र श्रद्धा कुणाची खरी आणि डाव कुणाचा यावरच फिरत राहिली. तिच्या पायाखाली कसली जमीन हवी, तिला दुसरी हत्तीण सोबत हवी का, रोज बघणारा डॉक्टर कुठे मिळेल, हे तिन्ही प्रश्न मठात ठेवा म्हणणाऱ्यांनीही विचारायला हवे होते आणि न्या म्हणणाऱ्यांनीही. जनावराचा वाद माणसांच्या मनाचा झाला की जनावर बाजूला पडतं, इथेही तेच होतंय.

म्हणून मी म्हणते की जागा आधी. डुकराला उकरायला माती लागते, नाकाने जमीन उलथणं ही त्याची खोड नाही तो त्याचा दिवसभराचा उद्योग आहे, तो मिळाला नाही की ते गालिचा उलथतं, फ्रीज उघडायला शिकतं. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, त्यामुळे इथल्या जुलै-ऑगस्टात चिखल आणि सावली नसेल तर ते उन्हाने मरू शकतं. पाणी एखादा दिवस जरी तुटलं तरी अंगातलं मीठ वाढून मेंदूवर परिणाम होतो. खूर वाढतात, नरांचे सुळे वाढतात, ते कापायला बऱ्याचदा गुंगी द्यावी लागते आणि डुकराला गुंगी द्यायला प्रत्येक व्हेट तयार होत नाही, कुत्र्यामांजरांचे बरेचसे दवाखाने डुक्कर म्हटल्यावर फोनच ठेवतात. त्यात अजून एक अडचण अशी की अमेरिकेच्या कायद्याच्या लेखी तुमच्या सोफ्यावरचं डुक्करही खाद्यप्राणीच आहे, त्यामुळे काही औषधं डॉक्टरला देताच येत नाहीत. रेबीजची डुकरासाठी मान्यता असलेली लस इथे नाही, म्हणजे पाहुण्याच्या पोराला चावलं तर मामला कुत्र्यापेक्षा पुष्कळ वाईट होऊ शकतो. राज्याबाहेर न्यायचं तर व्हेटचं सर्टिफिकेट, बऱ्याच राज्यांत रक्ताच्या तपासण्याही. यातली एकही गोष्ट मनाच्या मोठेपणाने सुटत नाही आणि यातली प्रत्येक गोष्ट एका शनिवारी जागेवर जाऊन आणि दोन फोन करून तपासता येते. मग आठ पानांचा फॉर्म कशाला? एक पान पुरे. या जागेत डुक्कर ठेवायला चालतं असं गावच्या झोनिंग ऑफिसचं पत्र, कुंपणाचे फोटो, तासाभराच्या अंतरावर डुक्कर बघणाऱ्या व्हेटचं नाव, सावली कुठे आहे, आणि दुसरं डुक्कर आहे का नाहीतर घेणार का, कारण हा कळपातला प्राणी आहे, एकटा राहिला की घरातल्या माणसांनाच कळप समजतो आणि दोन-तीन वर्षांचा झाला की मुख्य कोण हे ठरवायला घरातल्या सगळ्यात लहान माणसाच्या अंगावर जातो. पगार नि घटस्फोट विचारायची काय गरज आहे? हे निकष लावले असते तर तो स्पॅनिश बोलणारा शेतकरी पहिल्या दिवशी पास झाला असता.

यावर मला विचारतात, आणि रास्त विचारतात, की कायदाच चुकीचा असेल तर? गावाच्या हद्दीत डुक्कर नको हा नियम कुणी नि का केला? तो इतिहास बघण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर हजारो डुकरं मोकळी फिरायची, कचरा खायची, आणि त्यांच्यावर गरीब कुटुंबांचं पोट चालायचं, आयरिश, जर्मन, काळे. १८२० च्या दशकात पालिकेची गाडी डुकरं धरायला आली की बायका काठ्या घेऊन बाहेर यायच्या, चक्क दंगली झाल्या. शेवटी १८५९ मध्ये पोलिसांनी वस्त्यांमध्ये शिरून हजारो डुकरं हाकलली, खुराडी मोडली, आणि शहर म्हणजे डुक्कर नसलेली जागा हे कायमचं ठरून गेलं. न्यूयॉर्क शहरात आजही पाळीव डुकराला बंदी आहे. तेव्हा हो, या नियमांमागे नुसती स्वच्छता नव्हती, कुणाची गरिबी रस्त्यावर दिसायला नको हेही होतं, आणि पाळीव डुकराला गुरांच्या रांगेत बसवणारे नियम बदलावेत असं मलाही वाटतं. पण ते बदलायचे टाउन कौन्सिलच्या बैठकीत तीन मिनिटं बोलून, डुक्कर आधी घरात आणून नाही. आधी आणलं की सगळ्या भांडणात ओलीस राहतं ते डुक्कर, तुम्ही हरलात तर तुम्हाला दंड होतो, त्याला परत पिंजऱ्याची गाडी. ब्रिटनमध्ये बघा, एक डुक्कर पाळायचं असलं तरी आधी जागेचा सरकारी नंबर घ्यावा लागतो, डुक्कर आल्यावर २० दिवस ते कुठे हलवता येत नाही, फिरायला न्यायचं तर ठरलेल्या रस्त्याचा परवाना, आणि २००१ च्या लाळ्याखुरकुताच्या साथीपासून तर घरच्या स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं घालायलाही बंदी आहे. कुणाला हे जाचक वाटेल. मला त्यातली एकच गोष्ट इथे हवीय, की जागेचा नंबर आधी आणि डुक्कर नंतर, विकणाऱ्यालाही तोच नियम आणि आम्हालाही तोच. मग आम्ही नाही म्हटलेल्या माणसाला दोन आठवड्यांत विकत पिल्लू मिळणार नाही. पहिल्या गटाच्या त्या जोरकस मुद्द्याला माझ्याकडे हे एवढं एकच खरं उत्तर आहे.

दुसरा गट म्हणतो द्यायचंच नाही. मला या लोकांबद्दल आदर आहे, त्यांनी बिस्किटसारखी डझनभर बघितलीत. आणि आपल्याला तर हा विचार परका नाही, मुंबईत पांजरपोळ उभा राहिला तो याच भावनेतून. १८३२ मध्ये मुंबईत भटकी कुत्री मारायचा सरकारी हुकूम निघाला तेव्हा पारशी लोक रस्त्यावर उतरले, दंगल झाली, आणि दोनच वर्षांत, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने पांजरपोळ सुरू झाला. नको झालेलं जनावर इथे येईल आणि मरेपर्यंत सांभाळलं जाईल. केवढी मोठी गोष्ट होती ती त्या काळात! पण पांजरपोळाच्या कल्पनेतच एक अडचण आहे की आत यायला दार आहे आणि बाहेर जायला नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीलाही बंदी आली, म्हाताऱ्या बैलाचं गिऱ्हाईक गेलं, आणि त्याला कोण सांभाळणार हा प्रश्न दुष्काळातल्या शेतकऱ्याच्या दारात येऊन बसला. बाजूने असा वा विरोधात असा, येणाऱ्या जनावरांच्या मानाने जागा आणि चारा वाढत नाही हे गणित तर तेच राहतं ना? आमच्या निवाऱ्यात चाळीस डुकरं मावतात. डुक्कर १५ वर्षं सहज जगतं. कुणालाच बाहेर दिलं नाही तर एक्केचाळिसाव्याला जागा होण्यासाठी आतलं एक मरायची वाट बघायची, आणि तोवर फोन करणाऱ्याला सांगायचं जागा नाही. जागा नाही म्हटल्यावर तो माणूस काय करतो? कुणी लिलावात नेतो, कुणी जंगलाच्या कडेला सोडून देतो. या देशात मोकाट डुकरांचा प्रश्न आधीच एवढा मोठा आहे की शेतीचं नुकसान अब्जावधी डॉलरमध्ये मोजतात आणि दिसेल त्याला गोळी घालायची मुभा कितीतरी राज्यांत आहे. आतल्या चाळीसांवरची आपली माया बाहेरच्या एक्केचाळिसाव्याच्या जिवावर चाललेली असते, फक्त ते आपल्याला दिसत नाही कारण त्याचा फोन आपण ठेवून दिलेला असतो.

आणि जनावरं परत घरांत रुळत नाहीत हेही खरं नाही. २०१८ मध्ये फ्लोरिडाच्या मतदारांनी कुत्र्यांच्या शर्यतींवर बंदी घातली, २०२० संपेपर्यंत ट्रॅक बंद करायचे होते, तेव्हा लोक म्हणत होते हजारो ग्रेहाउंड कुठे जाणार, आयुष्यभर पिंजऱ्यात राहिलेली कुत्री, जिना म्हणजे काय माहीत नाही, काच म्हणजे काय माहीत नाही. गेली की घरांत. कारण ग्रेहाउंड लोकांना देणाऱ्या संस्था आधीच कितीतरी वर्षं कामात होत्या, कुठलं कुत्रं मांजराबरोबर राहील कुठलं नाही हे एकेकाचं तपासून लिहून ठेवायच्या, आणि दोन वर्षांची मुदत हातात होती. डुकरांचं तसं का होऊ नये? अर्थात सगळ्यांचं होणार नाही. आमच्याकडे एक आंधळी म्हातारी डुकरीण आहे, एक माणसावर धावून जाणारा नर आहे, त्यांना कुठेही पाठवू नये, ती आमचीच. पण चाळीसातली अशी पाच-सहा असतील. त्यांच्या नावाने उरलेल्या चौतीसांचं दार बंद करायचं?

तिसरा प्रश्न मला सगळ्यात जड जातो. मागच्या उन्हाळ्यात आई आली होती, तिला निवाऱ्यात घेऊन गेले, ती खुर्चीत बसून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “अगं, आपल्याकडे म्हाताऱ्या बैलाला ठेवायला जागा नाही आणि तुम्ही इथे डुकराला एसी लावता?” एसी नाही, पंखे होते, पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं. ज्या राज्यात मी राहते तिथे माणसं एक कोटीच्या थोडी वर आणि डुकरं ८० लाखांच्या आसपास. सॅम्पसन आणि डुप्लिन या दोन काउंट्यांत तर माणसांपेक्षा डुकरंच कितीतरी जास्त. टार हील गावात १९९२ मध्ये सुरू झालेला कत्तलखाना जगातला सगळ्यात मोठा म्हणतात, दिवसाला ३० हजारांवर डुकरं. २०१८ च्या फ्लॉरेन्स वादळात या राज्यात साडेपाच हजार डुकरं मेली. अशा जागी चाळीस डुकरांना नावं ठेवून सांभाळणं म्हणजे काय? मी स्वतः कालपरवापर्यंत चिकन खात होते, आता नाही खात, पण कुणाला उपदेश करायचा अधिकार मला आहे असं मला वाटत नाही.

तरी आईला जे सांगितलं ते इथेही सांगते. ही डुकरं कुणीतरी घरात आणली होती. नाव ठेवलं, हाक मारल्यावर यायला शिकवलं, पोरांच्या अंथरुणात झोपवलं. आपण हाताने एखाद्याला आपल्यावर अवलंबून केलं की मग जगात बाकी काय चाललंय हे त्याला सांगता येत नाही. बैलाचंही तेच तर आहे ना? दहा-बारा वर्षं ज्याने औत ओढलं त्याच्याबद्दल शेतकऱ्याला जे वाटतं ते बाजारात जाणाऱ्या प्रत्येक गुराबद्दल वाटत नाही, पोळ्याला आपण आपल्याच बैलाला पुरणपोळी घालतो. आणि गावाकडच्या शाळेला द्यायचे पैसे मी इथे घालते हा हिशोब मला मान्य नाही, कारण जे लोक मला हे सांगतात त्यांच्या नव्या गाडीच्या वेळी शाळेचा विषय निघत नाही. रागावून लिहिलं का? असेल. पण हा प्रश्न फक्त जनावरांच्या बाबतीतच का विचारला जातो याचं उत्तर मला कुणीतरी द्यावं असं मनापासून वाटतं.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि ज्यावर तिन्ही गटांत कुणीच बोलत नाहीये, ते जुनं घर. निवाऱ्याला येणाऱ्या फोनांतले निम्मे तरी फोन मला असे वाटतात की डुक्कर हलवायची गरजच नव्हती. एक बाई म्हणाली तो चावायला लागलाय, विचारलं तर खच्चीच केलेला नव्हता, वयात आलेला नर तो, दुसरं काय करणार. दुसरी म्हणाली ती महिन्यातून दोन-तीन दिवस वेड्यासारखी ओरडते नि दारं तोडते, तर ती माजावर यायची, दर २१ दिवसांनी, पिशवी काढली की प्रश्न संपतो आणि पुढे म्हातारपणी होणाऱ्या गर्भाशयाच्या गाठीही टळतात. पण ते ऑपरेशन काहीशे डॉलरचं, कधी त्याहून बरंच जास्त, आणि करणारा डॉक्टर दोन तास लांब. म्हणून तिने डुक्कर द्यायचं ठरवलं. आता हिशोब करा, ती डुकरीण आमच्याकडे आली तर ऑपरेशन आम्हीच करणार, वर वर्षभर, दोन वर्षं खाणं, पेंढा, कुंपण, डॉक्टर, आणि मग नवीन घर शोधायचं. त्यापेक्षा त्या बाईला ऑपरेशनचे पैसे दिले असते तर? आणि ऑपरेशन न करता कुणाच्या हातात पडली तर अजून वाईट. गाभण राहिल्यापासून ११४ दिवसांत पिल्लं, एका वेळी सहा धरा, त्यातल्या तीन माद्या, त्या सहा महिन्यांत तयार. एक जोडी आणि दीड वर्ष, आवारात ३५ च्या वर डुकरं होतात, मी कागदावर मांडून बघितलंय. बातम्यांमध्ये जी शेकडो डुकरांची प्रकरणं येतात त्यातली बरीचशी अशीच सुरू झालेली असतात, एखाद्या दयाळू माणसाने एक जोडी सोडवून आणली आणि खच्ची करणं पुढे ढकललं.

तेव्हा निवाऱ्याने फोनवर पहिला प्रश्न ‘कधी आणताय’ असा विचारू नये, काय होतंय ते विचारावं. खूर वाढले असतील तर कुणीतरी जाऊन कापून यावं. कुंपण मोडलं असेल तर हॉग पॅनेल नेऊन द्यावीत, १६ फुटी लोखंडी जाळ्या त्या, वाकवून पिकअपमध्ये मावतात, चार माणसं एका दुपारी लावू शकतात. नोटीस आली असेल तर कौन्सिलपुढे जाताना बरोबर उभं राहावं. आणि हे सगळं करूनही जमलं नाही, घर गेलं, माणूस वारला, तर मग आणावं, ऑपरेशन करावं, स्वभाव लिहून ठेवावा, जोडी जुळली असेल तर जोडीनेच द्यावं, आणि कागदावर एक ओळ कायमची हवी की काहीही झालं तरी डुक्कर आमच्याकडेच परत येईल, दहा वर्षांनीही, न विचारता, न ओरडता. परत आणणाऱ्याला लाज वाटावी असं आम्ही वागलो तर पुढच्या वेळी तो परत आणणार नाही, आणि मग ते डुक्कर कुठे जाईल ते मी वर लिहिलंय.

त्या नकार मिळालेल्या कुटुंबाचं विचाराल तर त्यांची आई गेल्या शनिवारी मुलीला घेऊन परत आली होती, डुक्कर मागायला नाही, कामाला. मुलीने बिस्किटच्या पोटावर खाजवलं आणि तो नेहमीसारखा आडवा झाला. त्यांच्या गावाच्या कौन्सिलमध्ये हा नियम चर्चेला घ्यावा म्हणून अर्ज त्यांनी दिलाय, कॉलनीचा नियम मात्र वेगळा आहे आणि तो बदलेल असं त्यांनाही वाटत नाही. बिस्किटसाठी चॅटम काउंटीत एक जागा आलीय, पाच एकर, गावाच्या हद्दीबाहेर, एक डुकरीण आधीपासून आहे, कुत्रा नाही. रविवारी टेप घेऊन जाणार आहे, फोटोत एका कोपऱ्यात कुंपणाच्या खाली मातीत फट दिसतेय.